ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची आहे? एमबीबीएसपासून स्पेशालिस्ट रजिस्टरपर्यंतचा रस्ता

ब्रिटनला जायचं म्हणजे प्लॅब ही परदेशी डॉक्टरांची परीक्षा द्यायची, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. प्लॅब पास होणं, जनरल मेडिकल कौन्सिलचं म्हणजे जीएमसीचं लायसन मिळणं, नोकरी लागणं, स्पेशालिस्ट होण्यासाठीच्या ट्रेनिंगची जागा मिळणं आणि स्पेशालिस्ट म्हणून मान्यता मिळणं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. एक झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. गेल्या काही वर्षांत लायसन हातात असूनही महिनोन्‌महिने बिनकामाचे बसलेले डॉक्टर झालेत, ते हे पाचही टप्पे एकच समजल्यामुळे. म्हणून हा लेख परीक्षेपुरता न थांबता शेवटच्या टप्प्यापर्यंत जातो.

सुरुवातीलाच आजची परिस्थिती सांगायला हवी. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटनने सगळ्या डॉक्टरांना तुटवड्याच्या व्यवसायांच्या यादीत घातलं आणि परदेशी डॉक्टरांना ट्रेनिंगच्या जागांसाठी तिथल्या पदवीधरांच्या बरोबरीने अर्ज करता येऊ लागला. त्यानंतर अर्ज इतके वाढले की आता उलटा प्रवाह सुरू झालाय. जुलै २०२५ च्या इंग्लंडच्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात स्थानिक पदवीधरांना आणि एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत बराच काळ काम केलेल्या डॉक्टरांना ट्रेनिंगमध्ये प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर झालं. याचा अर्थ रस्ता बंद झाला असा नाही. पण आता फक्त प्लॅबच्या भरवशावर कर्ज काढून निघणं धोक्याचं आहे. नोकरी आणि ट्रेनिंग यांचा विचार पहिल्या दिवसापासून करायला हवा.

आधी रस्ता ठरवा

नुकतंच एमबीबीएस झालं असेल तर प्लॅब हाच मुख्य रस्ता. एमडी, एमएस किंवा डीएनबी करत असाल किंवा झालं असेल, तर जरा थांबून विचार करा. रॉयल कॉलेजांच्या, म्हणजे तिथल्या शाखावार डॉक्टर-संस्थांच्या, काही पूर्ण झालेल्या परीक्षा, उदाहरणार्थ एमआरसीपी, एमआरसीएस, एमआरसीओजी, एफआरसीए, जीएमसी प्लॅबऐवजी ग्राह्य धरते. अभ्यास जास्त आहे, खर्चही जास्त आहे. पण हीच परीक्षा पुढे ट्रेनिंगच्या मुलाखतीत आणि स्पेशालिस्ट मान्यतेच्या अर्जात पुन्हा उपयोगी पडते. प्लॅबचा उपयोग लायसनपुरताच. मेडिसिनमध्ये एमडी झालेल्या माणसाने आधी प्लॅब आणि नंतर एमआरसीपी असा दुहेरी घाट घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरा रस्ता मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हचा. पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव असलेल्या डॉक्टरला एखादं रॉयल कॉलेज जीएमसीकडे पुरस्कृत करतं आणि प्लॅबशिवाय नोंदणी मिळते. मुदत जास्तीत जास्त २४ महिने, आणि नंतर परत यायचं हा या योजनेचा पायाच आहे. परत येऊन इथेच प्रॅक्टिस करायची असेल तर हा रस्ता उत्तम. तिकडे स्थायिक व्हायचं असेल तर तो निवडू नका.

सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून शिकलेल्यांनी आणखी एक गोष्ट आधी मिटवावी, ती म्हणजे बाँड. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा किंवा दहा लाख रुपये असा तो करार आहे. तो लोंबकळत ठेवला की पुढे मूळ कागदपत्रं आणि ना-हरकत मिळवताना अडतं. सेवेचं वर्ष करणं बहुतेकांच्या फायद्याचंच आहे, कारण इंटर्नशिपनंतरचा अनुभव पुढे तिकडे मोजला जातो.

पायरी १: नाव आणि कागदपत्रं

सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं; कुठे पुढे आईचंही. पासपोर्टवर मात्र आडनाव एका रकान्यात आणि बाकीचं दुसऱ्यात. मेडिकल कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर तिसराच क्रम. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांचं तर पदवीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं. तिकडच्या कारकुनाला 'पाटील राहुल सुरेश' आणि 'राहुल सुरेश पाटील' ही एकच व्यक्ती आहे हे कागदावरून दिसावं लागतं.

उपाय असा: पासपोर्टवरचं नाव हे एकमेव नाव माना. जीएमसीचं खातं, इंग्रजीची परीक्षा, पदवी पडताळणाऱ्या एपिकचं खातं, सगळीकडे पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग आणि रकाने भरा. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी ठेवा. पासपोर्टमध्येच चूक असेल तर ती सगळ्यात आधी दुरुस्त करा. परीक्षा एका पासपोर्टवर आणि नोंदणी दुसऱ्यावर, असं करू नका.

मग पदवीची पडताळणी. ती एपिक या अमेरिकी सेवेमार्फत होते. खातं काढायचं, ओळख व्हिडिओवरच्या नोटरीकडून पटवायची, मूळ पदवी प्रमाणपत्र स्कॅन करून चढवायचं. इथे प्रोव्हिजनल किंवा पासिंग सर्टिफिकेट चालत नाही, दीक्षांत समारंभानंतरची खरी पदवी लागते. पुढे एपिक विद्यापीठाला विचारतं आणि विद्यापीठाने उत्तर दिलं की पडताळणी पूर्ण होते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी ते विद्यापीठ म्हणजे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ पूर्वीचे विद्यार्थी मुंबई, पुणे, नागपूर अशा जुन्या विद्यापीठांचे. गोवा मेडिकल कॉलेजचं गोवा विद्यापीठ. उत्तर कधी येईल हे तुमच्या हातात नाही, म्हणून हे काम परीक्षा पास होईपर्यंत थांबवून ठेवू नका. इंग्रजीची तयारी सुरू असतानाच अर्ज टाका.

एपिकमध्ये एक चूक वारंवार होते. पदवी चढवली, पैसे भरले, पण अहवाल कोणाला पाठवायचा तिथे जीएमसी निवडलंच नाही. पडताळणी होते, जीएमसीला पत्ताच लागत नाही, आणि माणूस तीन महिने वाट बघत बसतो.

इंटर्न असाल तर आणखी एक हिशेब आत्ताच करा. पूर्ण नोंदणीसाठी जीएमसीला बारा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये किमान तीन महिने मेडिसिन आणि तीन महिने सर्जरी हवं असतं. आपल्या २०२१ च्या नियमांत कम्युनिटी मेडिसिनला १२ आठवडे आहेत, पण जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरीला प्रत्येकी सहाच. बाकीचे आठवडे उपशाखांतून भरतात. जीएमसीच्या यादीप्रमाणे अस्थिरोग, नाक-कान-घसा वगैरे सर्जरीच्या खात्यात धरले जातात. सर्जरीची बाजू सहसा भरते, मेडिसिनची कमी पडते. ऐच्छिक पोस्टिंग त्या बाजूला घ्या. कॉलेजकडून विभागवार तारखा लिहिलेलं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घ्या. 'एक वर्षाची इंटर्नशिप समाधानकारक पूर्ण केली' एवढ्या एका ओळीने भागत नाही. इंटर्नशिप मागेच होऊन गेली असेल आणि महिने जुळत नसतील, तर त्यानंतरच्या सलग दोन वर्षांच्या क्लिनिकल अनुभवावरही मार्ग निघतो.

पायरी २: इंग्रजी

आयईएलटीएसची अकॅडमिक परीक्षा: एकूण ७.५, आणि वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं या प्रत्येकात किमान ७. किंवा ओईटीची वैद्यकीय परीक्षा: चारही भागांत बी ग्रेड, म्हणजे ३५०. दोन्हीकडे चारही गुण एकाच वेळच्या परीक्षेतले हवेत. मागच्या वेळचं लेखन आणि या वेळचं वाचन जोडता येत नाही.

बहुतेक जण लेखनात अडकतात. ओईटीमध्ये लेखन म्हणजे रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र, जे आपण रोज लिहितो. तरी गुण जातात, कारण केस-नोट्समधलं सगळंच पत्रात ओतलं जातं. वाचणाऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला जे हवं तेवढंच निवडणं, हीच तिथली परीक्षा आहे. फिजिओथेरपिस्टला लिहिलेल्या पत्रात लहानपणीच्या कांजिण्यांचं काम नाही. आयईएलटीएसच्या निबंधापेक्षा डॉक्टरांना ओईटी सोपी जाते, फी मात्र जास्त आहे.

'आमचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, मग परीक्षा कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. जीएमसी ती सवलत देते, पण पदवी दोन वर्षांच्या आतली हवी आणि अभ्यासक्रमातला किमान ७५ टक्के क्लिनिकल संवाद, रुग्ण आणि नातेवाइकांशी बोलणं धरून, इंग्रजीतून झालेला हवा. ससूनच्या किंवा केईएमच्या ओपीडीत ७५ टक्के रुग्णांशी इंग्रजीत बोलणं झालं, असं कोणताही प्रामाणिक डीन लिहून देणार नाही. तेव्हा परीक्षा द्या.

हा निकाल दोन वर्षांपेक्षा जुना झाला की कामाचा राहत नाही. प्लॅब १ चं बुकिंग याच्यावर होतं, म्हणून फार आधी देऊन ठेवू नका. नोंदणीच्या अर्जापर्यंत तो मुदतीत राहील असं वेळापत्रक आखा.

पायरी ३: प्लॅबचा पहिला भाग

१८० प्रश्न, तीन तास, प्रत्येक प्रश्नाला सर्वांत योग्य असं एकच उत्तर. चुकीला उणे गुण नाहीत, त्यामुळे कोरा प्रश्न सोडणं म्हणजे नुकसान. उत्तीर्ण होण्याची पातळी प्रत्येक पेपरच्या काठिण्यानुसार ठरते. साधारण १२० च्या आसपास असते. परीक्षा मुंबईसह भारतातल्या काही शहरांत होते. बुकिंग जीएमसीच्या ऑनलाइन खात्यातून. मुंबईची जागा लवकर भरते, पण लोक रद्द करतात तशा जागा मोकळ्याही होतात. रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहिलं की मिळून जाते. २०२४ पासून ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांनाही एमएलए नावाची परीक्षा आहे आणि प्लॅबचा अभ्यासक्रम तिच्याशी जोडलेला आहे. तो विषयनकाशा जीएमसीच्या संकेतस्थळावर मोफत आहे. आधी तो उतरवून घ्या, क्लास नंतर शोधा.

हुशार मुलं इथे नापास होतात ती ज्ञान कमी म्हणून नव्हे. ती पाठ्यपुस्तकातलं उत्तर देतात आणि परीक्षेला हवं असतं नाइस या तिथल्या उपचार-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतलं. रक्तदाबाचं उदाहरण घ्या. मधुमेह नसलेला ६० वर्षांचा माणूस असेल तर पहिलं औषध कॅल्शियम चॅनल ब्लॉकर. ४५ वर्षांचा गोरा किंवा भारतीय वंशाचा माणूस असेल तर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी. टाइप २ मधुमेह असेल तर वय काहीही असो, पुन्हा एसीई इनहिबिटर किंवा एआरबी. आपल्याकडे या तिघांना सर्रास टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिनची एकच गोळी लिहिली जाते. प्रश्नात वय आणि वंश उगाच दिलेले नसतात.

दुसरी खोड तपासण्यांची. 'पुढची पायरी कोणती' असं विचारलं की आपला हात सीटी स्कॅनकडे जातो. तिकडे बऱ्याचदा उत्तर असतं साधी रक्ततपासणी, तातडीचं रेफरल किंवा फक्त निरीक्षण. प्रश्नातला डॉक्टर पदवीनंतरच्या दुसऱ्या वर्षातला आहे. सीनियरला कळवणं हे त्याच्यासाठी अनेकदा बरोबर उत्तर असतं.

रोजच्या कामातून वेळ काढणाऱ्याला तीन-चार महिन्यांचा नेमाचा अभ्यास पुरतो.

पायरी ४: प्लॅबचा दुसरा भाग

ही परीक्षा फक्त मँचेस्टरला होते. पहिला भाग पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत हा दुसरा भाग काढायचा. प्रत्येक भागाला चार प्रयत्न. पहिल्या भागाची फी अडीचशे पौंडांच्या पुढे आणि दुसऱ्याची नऊशेच्या पुढे आहे. वर विमान, व्हिसा, राहणं आणि क्लासचा खर्च. नापास झालं तर हे सगळं पुन्हा. म्हणून दुसरा भाग पूर्ण तयारीनेच द्या. व्हिसा स्टँडर्ड व्हिजिटरचा. जीएमसीचं परीक्षेचं पत्र अर्जाला जोडायचं.

१६ स्टेशन्स, प्रत्येकी आठ मिनिटं, आधी दीड मिनिट दाराबाहेरची सूचना वाचायला. आत अभिनय करणारा रुग्ण, किंवा पुतळा, किंवा फोन. गुण तीन अंगांचे: माहिती काढणं आणि तपासणी, उपचाराची आखणी, आणि माणसाशी वागणं. तिन्हींचं वजन सारखं आहे. नुसते एकूण गुण पुरत नाहीत, ठरावीक संख्येइतकी स्टेशन्सही पास व्हावी लागतात.

एक स्टेशन जवळून पाहू. दाराबाहेर लिहिलंय: ३८ वर्षांचा माणूस, काल पहिल्यांदा फिट आली, तपासण्या नॉर्मल, त्याच्याशी बोला. आत गेलात, स्वतःचं नाव सांगितलंत, त्याचं नाव आणि वय विचारून खात्री केलीत. फिटचा इतिहास छान घेतलात: आधी काय वाटलं, जीभ चावली का, कोणी पाहिलं, किती वेळात शुद्ध आली, दारू, झोप, घरात कोणाला. न्यूरॉलॉजीच्या फर्स्ट-फिट क्लिनिकला पाठवतो म्हणालात. सहा मिनिटं झाली. तुम्हाला वाटतं संपलं. पण तो माणूस डिलिव्हरी व्हॅन चालवतो आणि तुम्ही कामाबद्दल विचारलंच नाहीत. कारणाशिवाय आलेल्या पहिल्या फिटनंतर साध्या लायसनलाही सहा महिने गाडी बंद, आणि डीव्हीएलएला म्हणजे गाडीचं लायसन देणाऱ्या खात्याला कळवण्याची जबाबदारी त्याची, हे सांगणं हेच या स्टेशनचं मर्म होतं. आणि ते सांगितल्यावर तो चिडणार, 'मग घर कसं चालवू?' म्हणणार. तिथे 'डोन्ट वरी' म्हणून पाठ थोपटली की वागण्याचे गुण गेले. थांबायचं, नोकरीचं ऐकून घ्यायचं, मालकाशी बोलता येईल, तात्पुरतं दुसरं काम मागता येईल, असं काहीतरी हाताला लागणारं द्यायचं.

रुग्णाला स्वतःला काय वाटतंय, कशाची भीती आहे, आपल्याकडून काय हवंय, हे तीन प्रश्न प्रत्येक स्टेशनमध्ये असतातच. पण पाठांतर केल्यासारखे एकापाठोपाठ विचारले तर परीक्षकाला लगेच कळतं.

आपल्या इथल्या सवयी कुठे आडव्या येतात तेही सांगतो. आपल्याकडे आजीबरोबर आलेला मुलगाच सगळं बोलतो आणि आपण त्यालाच निदान सांगतो. तिकडे आजीची परवानगी घेतल्याशिवाय मुलाला काही सांगणं म्हणजे गोपनीयतेचा भंग. आजीला निर्णय घेण्याची क्षमता आहे का, हे मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ च्या चौकटीत तपासायचं. १५ वर्षांची मुलगी गर्भनिरोधक गोळ्या मागायला एकटी आली तर आईला बोलव म्हणायचं नाही; तिला समजतंय का आणि तिच्यावर कोणाची जबरदस्ती नाही ना, हे पाहायचं. इंजेक्शन चुकीचं दिलं गेलं असेल तर रुग्णाला स्वतःहून सांगायचं आणि माफी मागायची. हे सगळं जीएमसीच्या 'गुड मेडिकल प्रॅक्टिस' या आचारसंहितेत आहे. तिची नवी आवृत्ती ३० जानेवारी २०२४ पासून लागू झाली. ती नीट वाचली तर निम्म्या स्टेशन्सचं उत्तर सापडतं. सराव जोडीदाराबरोबर, घड्याळ लावून, मोठ्याने. मनातल्या मनात केलेली तयारी या परीक्षेत उपयोगाची नाही.

पायरी ५: जीएमसीची नोंदणी

दुसरा भाग पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नोंदणी मिळायला हवी. अर्ज ऑनलाइन. लागतं ते असं: एपिकची पूर्ण झालेली पडताळणी, इंटर्नशिपचा पुरावा, इंग्रजीचा निकाल, गेल्या पाच वर्षांत काय केलं त्याचा सलग हिशेब आणि गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्यावर कारवाई नसल्याचा मेडिकल कौन्सिलचा दाखला. हिशेबात अभ्यासासाठी घेतलेली सुट्टी, बाळंतपण, आजारपण, सगळं मोकळेपणाने तारखांसह लिहा. मोकळी जागा दिसली की प्रश्न येतात. लिहिलेल्या सुट्टीवर कोणी अडवत नाही.

गुड स्टँडिंगची मुदत तीनच महिने असते. ते आधी काढून ठेवलं की वाया जातं. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना हे मात्र खूप आधी पाहावं. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट्स लागतात. नूतनीकरण थकलेलं असेल तर प्रमाणपत्राच्या आधी तेच निस्तरावं लागतं. गेल्या पाच वर्षांत दुबई, मालदीव वगैरे दुसऱ्या देशात नोंदणी असेल तर तिथलंही प्रमाणपत्र हवं.

ओळख पटवणं आता जीएमसीच्या मोबाइल ॲपवर होतं. पासपोर्ट आणि स्वतःचा चेहरा, त्यासाठी वेगळा प्रवास नाही.

मिळते ती नोंदणी लायसनसह असते, पण पहिल्या फेरतपासणीपर्यंत म्हणजे रिव्हॅलिडेशनपर्यंत जीएमसीने मान्य केलेल्या चौकटीतल्या संस्थेतच काम करावं लागतं. एनएचएस रुग्णालयं त्यात येतात. दर वर्षी अप्रेझल आणि पाच वर्षांनी रिव्हॅलिडेशन.

पायरी ६: नोकरी आणि व्हिसा

एनएचएस जॉब्ज आणि ट्रॅक या दोन संकेतस्थळांवर इंग्लंडमधल्या बहुतेक जाहिराती येतात. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची संकेतस्थळं वेगळी. सुरुवातीच्या जागांची नावं वेगवेगळी: ट्रस्ट ग्रेड, ज्युनियर क्लिनिकल फेलो, एसएचओ. काम साधारण सारखंच.

अर्जांची गर्दी इतकी आहे की ठरावीक संख्या झाली की जाहिरात शेवटच्या तारखेआधीच बंद होते. सूचना चालू ठेवा आणि मूळ मजकूर तयार ठेवा, पण तोच सगळीकडे डकवू नका. प्रत्येक जाहिरातीबरोबर 'पर्सन स्पेसिफिकेशन' असतं. त्यात आवश्यक काय आणि असल्यास बरं काय, याची यादी असते. छाननी करणारा त्या यादीवर खुणा करत जातो. तुमच्या मजकुरात त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, एकेका मुद्द्याला एकेक ठोस दाखला असायला हवा. 'मी मेहनती आहे' याला शून्य. 'जिल्हा रुग्णालयात आठ महिने कॅज्युअल्टी, सेप्सिसच्या रुग्णांना पहिल्या तासात अँटिबायोटिक मिळतं का याचं ऑडिट केलं, बदल केला, पुन्हा मोजलं' याला गुण. दुसऱ्यांदा मोजलेलं ऑडिट आपल्याकडे दुर्मीळ आणि तिकडे अपेक्षित आहे. ते निघण्याआधी इथेच करून ठेवा.

रिससिटेशन कौन्सिलचा एएलएस हा जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांचा कोर्स आणि काही आठवड्यांचं बिनपगारी क्लिनिकल अटॅचमेंट यांनी फरक पडतो. व्हिजिटर व्हिसावर अटॅचमेंट चालतं, पण रुग्णाला हात लावायचा नाही. नोकरी मिळवून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. काम शोधणाऱ्याकडून त्यासाठी फी घेणं ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्याने बेकायदा आहे.

नोकरी लागली की रुग्णालय स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र देतं आणि त्यावर तीन महिन्यांच्या आत हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाचा अर्ज करायचा. या व्हिसावर आरोग्य अधिभार माफ आहे, जोडीदाराला आणि मुलांना नेता येतं, आणि जीएमसीसाठी दिलेली इंग्रजीची परीक्षा पुरते. टीबीची तपासणी ब्रिटिश गृहखात्याने मान्य केलेल्या केंद्रातूनच. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात वर्षभर राहिलात तिथला पोलीस दाखला. हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांच्या प्रतिकारशक्तीचे अहवाल इथूनच काढून न्या.

पहिल्या आठवड्यात सावलीसारखं दुसऱ्याबरोबर फिरण्याची संधी मागून घ्या. वॉर्डवर न्यूज-टू हा रुग्णाची प्रकृती किती ढासळली ते सांगणारा आकडा सगळं चालवतो: पाच झाला की तातडीने बघायचं, सात झाला की आणीबाणी. नर्सने पहाटे तीनला न्यूज सात सांगितला आणि तुम्ही 'सकाळी बघू' म्हणालात, तर त्याची नोंद राहते.

पायरी ७: ट्रेनिंग

अर्ज ओरिएल या एकाच पोर्टलवर, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून; जागा पुढच्या ऑगस्टला सुरू होतात. २०२६ च्या फेरीपासून एका उमेदवाराला पाचच अर्ज करता येतात. परदेशी डॉक्टरला क्रेस्ट नावाचा, क्षमतांची खात्री देणारा फॉर्म लागतो. तो तुमच्याबरोबर किमान तीन महिने सलग काम केलेल्या कन्सल्टंटने म्हणजे वरिष्ठ स्पेशालिस्टने भरायचा, आणि त्यातली प्रत्येक क्षमता दाखवलेली हवी. एक जरी राहिली तरी फॉर्म बाद. भारतातल्या प्राध्यापकांनी भरलेला फॉर्म चालतो, पण त्यांना तो काय आहे हे बसून समजावून द्या. घाईत सगळीकडे टिक मारून पाठवलेले फॉर्म परत येतात. फॅमिली प्रॅक्टिस, मानसोपचार, रेडिओलॉजी, भूलशास्त्र अशा अनेक शाखांना एमएसआरए ही संगणकीय परीक्षा आहे. ती भारतातून देता येते.

पायरी ८: स्पेशालिस्ट म्हणून मान्यता

१ जानेवारी १९९७ पासून एनएचएसमध्ये कायम कन्सल्टंट व्हायचं तर स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव असणं कायद्याने आवश्यक आहे. भारतीय एमडी किंवा एमएसमुळे ते नाव आपोआप चढत नाही. लोकम म्हणजे तात्पुरत्या कन्सल्टंटला ही अट नाही, आणि २०२१ पासून 'स्पेशालिस्ट' नावाची वरिष्ठ श्रेणीही आहे, तिलाही रजिस्टर लागत नाही. बारा वर्षांचा वैद्यकीय अनुभव, त्यातला सहा वर्षांचा त्या शाखेतला, ही तिची अट. चाळिशीच्या पुढच्या अनुभवी सर्जनने ही श्रेणी जरूर विचारात घ्यावी.

रजिस्टरवर जायचे दोन मार्ग. ट्रेनिंग पूर्ण केलं की सीसीटी हे प्रमाणपत्र मिळतं. दुसरा पोर्टफोलिओ पाथवे. आधी त्याला सीईएसआर म्हणायचे, ३० नोव्हेंबर २०२३ ला नियम बदलले. पूर्वी तुमचं शिक्षण तिथल्या ट्रेनिंगच्या 'समतुल्य' आहे हे दाखवावं लागायचं. आता नव्या कन्सल्टंटला लागणारं ज्ञान, कौशल्य आणि अनुभव आहे, एवढं दाखवायचं. त्या शाखेतली पदव्युत्तर पात्रता किंवा किमान सहा महिन्यांचं प्रशिक्षण असेल तर अर्ज करता येतो.

हा अर्ज म्हणजे शेकडो पानांचा पुरावा असतो. आपल्या डॉक्टरांकडे केसेस भरपूर असतात. कमी पडतं ते बाकी सगळं: सहकाऱ्यांचे आणि रुग्णांचे अभिप्राय, प्रत्यक्ष काम बघून सीनियरने भरलेली मूल्यमापनं, पूर्ण झालेली ऑडिट्स, शिकवल्याचे अभिप्राय, व्यवस्थापनाच्या बैठकांची नोंद, चुकांवर लिहिलेलं चिंतन. दोन हजार शस्त्रक्रियांचं लॉगबुक आहे आणि त्यावर एकाही वरिष्ठाची सही नाही, अशा पुराव्याला फार वजन मिळत नाही. जुना पुरावाही हलका पडतो, म्हणून गेल्या पाच-सहा वर्षांतलाच मुख्य ठेवा.

कामाची पद्धत अशी ठेवा. आपल्या शाखेचा सध्याचा अभ्यासक्रम आणि जीएमसीचं त्या शाखेचं मार्गदर्शन उतरवून घ्या. त्यातल्या प्रत्येक अपेक्षेचं एक फोल्डर करा आणि दर महिन्याला त्यात काय पडलं ते बघा. जे फोल्डर रिकामं, तिकडचं काम मागून घ्या. रुग्णाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, एनएचएस किंवा ओपीडी नंबर प्रत्येक पानावरून काळ्या पट्टीने झाका. छपाईवर मार्करने खाडाखोड केली की उजेडात वाचता येतं, म्हणून झाकून पुन्हा स्कॅन करा. प्रत्येक संस्थेतला पुरावा तिथल्याच जबाबदार माणसाने खरा असल्याचं नोंदवावं लागतं. जुन्या रुग्णालयातले विभागप्रमुख निवृत्त होण्याआधी, त्यांचा अधिकृत ई-मेल चालू असतानाच, हे करून घ्या. भारतातली एमडी किंवा एमएस पदवीही पडताळणीला जाते, आणि तिलाही विद्यापीठाचा तोच वेळ लागतो. एफआरसीएस किंवा फायनल एफआरसीए यांसारखी शेवटची परीक्षा पास असेल तर ज्ञानाचा मुद्दा एका कागदात सुटतो.

नकार आला तर काय कमी पडलं ते जीएमसी लिहून कळवते, आणि बारा महिन्यांच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्यात नेमका तो कमी पडलेला भाग भरायचा. पूर्ण अर्ज नव्याने मांडायचा नाही. एखाद्या विशिष्ट विभागाचा अनुभव कमी असं लिहिलं असेल तर आपल्या ट्रस्टला, म्हणजे रुग्णालय चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेला, तीन-चार महिन्यांची अदलाबदल मागा. ट्रस्टलाही कायम कन्सल्टंट हवाच असतो, त्यामुळे हे पत्र घेऊन गेलेल्या डॉक्टरला बहुतेक ठिकाणी वेळ काढून दिला जातो.